सायलेन्सरवर रोडरोलर फिरवून भागणार नाही

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांवरून रोडरोलर फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, हा कार्यक्रम राज्यातल्या बऱ्याच शहरांत होऊन गेला आहे. बुलेटच्या पुंगळीने ज्यांची झोप उडते, त्यांना त्यातून समाधान मिळतं आणि ते मिळायलाच हवं. दवाखान्यासमोरून रात्री अकराला फटाके फोडत जाणाऱ्या गाडीची बाजू घेण्यासारखं काहीही नाही. पण रोडरोलरखाली चिरडला जातो तो फक्त आवाज. जिचा मागचा सांगाडा ग्राइंडरने कापून पुन्हा वेल्डिंग केलाय, जिच्या अरुंद रिमवर दीडशे मिलिमीटर रुंदीचा टायर चढवलाय, स्टंटसाठी जिच्या एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून ठेवलाय, ती गाडी पोलिसांच्या समोरून आरामात निघून जाते. तिचा सायलेन्सर कंपनीचाच असतो ना.

माझं म्हणणं असं आहे. इंजिनाची ताकद वाढवणारे बदल सार्वजनिक रस्त्यावर नकोत. ते बेकायदा आहेत म्हणून तर नकोतच, पण आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या हवेत त्यांचा पुरता उपयोगही होत नाही. गाडी थांबवणारे, वळवणारे आणि रात्री रस्ता दाखवणारे बदल मात्र सोपे, तपासलेले आणि उजळ माथ्याने करता येतील असे हवेत. आणि ज्याला खरोखर ताकदच आजमावायची आहे, त्याच्यासाठी मराठवाड्यात एक बंदिस्त धावपट्टी हवी. यातलं एकच करून चालणार नाही. बाकीचे दरवाजे बंद ठेवून नुसता दंड आकारला की पोरं रात्री दोन वाजता बायपासवर जातात.

या ओढीला उडाणटप्पूपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी आपण राहतो कुठे ते आठवावं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्या आगेमागे एन्ड्युरन्स, व्हेरॉक यांच्यासारखे उद्योग इथेच मोठे झाले. देशातल्या कितीतरी दुचाकींचे शॉकअप, क्लच, ब्रेक, ॲल्युमिनियमची कास्टिंग अशा कंपन्यांतून जातात. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. जालना, बीड, परभणीहून आलेली आयटीआयची पोरं या पट्ट्यात दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी खेळत असतात. त्यांनी संध्याकाळी स्वतःच्या गाडीकडे बघून ‘हे असंच का?’ असं विचारलं नाही, तरच नवल. हा प्रश्न विचारणारं डोकं या भागाची मिळकत आहे. ते दाबून टाकण्यात कोणाचंच भलं नाही.

मॉडिफिकेशनचं वेड इथे आलं ते बहुतेक आरएक्स १०० वरून. १९८५ ते १९९६ अशी अकरा वर्षं ही गाडी भारतात बनली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या थोडंसं वर. टू-स्ट्रोक इंजिनात धुराडं हा इंजिनाचाच भाग असतो. त्याच्या फुगवट्यात दाबाची लाट तयार होते आणि एक्झॉस्ट पोर्टकडे परत येऊन, बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पाइपची लांबी आणि निमुळतेपणा बदलला की ताकद कुठल्या आरपीएमला येणार तेही बदलतं. एक्झॉस्ट पोर्ट मिलिमीटरभर वर घासला तर वरची ताकद वाढते, खालची जाते. ५० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५२ केला की ९८ चे १०६ सीसी होतात. हे सगळं फाइल, लेथ आणि कान यांच्या जोरावर करणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांच्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: पाइप मोकळा, आवाज मोठा, म्हणजे गाडी पळणार.

आजच्या फोर-स्ट्रोक, इंधन इंजेक्शनच्या गाडीला हे समीकरण लागू नाही. चाळीसेक अश्वशक्तीच्या सिंगल सिलिंडर गाडीला चांगल्या कंपनीची स्लिप-ऑन, म्हणजे मूळ पाइपच्या टोकाला बसणारी बदली पुंगळी, लावली तर एखाद-दुसरी अश्वशक्ती वाढते. वजन दोन-तीन किलोंनी उतरतं, हा खरा फायदा. चौकातल्या दुकानात मिळणाऱ्या, आतून पोकळ असलेल्या पुंगळीने तर खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमचा ओढा, उलट घटतो. ट्रॅफिकमध्ये पिकअप मिळेनासा होतो आणि आवाजाच्या भरात ते चालवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

शिवाय वेगाचं गणित निर्दय आहे. वरच्या वेगात हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ४० अश्वशक्तीची गाडी १५५ ला टेकत असेल, तर तिला १७० ला न्यायला जवळपास ५३ अश्वशक्ती लागेल. म्हणजे एक-तृतीयांश ताकद वाढवा, तेव्हा कुठे पंधरा किलोमीटर मिळतात. पाइप, फिल्टर आणि ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, बसणारी वेगळी पेटी असं सगळं मिळून तीन-चार अश्वशक्ती आली, तरी टॉप स्पीड चार-पाचाने सरकेल. तो वापरायचा कुठे? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, शहरात ६०. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणारा, आपल्या भागातला सगळ्यात वेगवान रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. तिथे दुचाकीला प्रवेशच नाही.

आता आपली हवा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३ ला जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४३ अंशांची हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे तितका प्राणवायू कमी आणि तितकीच ताकद कमी. हजारो रुपये घालून मिळवलेली वाढ दुपारच्या उन्हात अशीच विरून जाते. पण ताकद जाण्यापेक्षा वाईट आहे ते इंजिन तापणं, आणि त्याचं मूळ मिश्रणात असतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला प्राणवायू मोजतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. पण हे फक्त सावकाश, एकसारख्या चालीत. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, कंपनीने भरून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. पाइप आणि फिल्टर मोकळे केले की हवा जास्त येते, तक्ता मात्र जुनाच राहतो. मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि ज्वलन तापतं.

यात आता ई-२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर पडली आहे. इथेनॉल आपल्याच उसाचं आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ई-२० साठी बनलेल्या गाडीत कंपनीने ही सोय केलेली असते. जुन्या गाडीत, त्यातही पाच वर्षांपूर्वी कोणीतरी भरून दिलेल्या मॅपवर (पेट्रोलच्या तक्त्यावर) ही सोय नसते. तोच मॅप लॅपटॉपवरून एका गाडीतून दुसरीत घालणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून, वाइडबँड सेन्सर लावून, पूर्ण थ्रॉटलला मिश्रण मोजल्याशिवाय मॅपला हात घालायचाच नसतो.

काय चाललंय हे बघायला यंत्र नसेल तर स्पार्क प्लग आहे. गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ओढून, थ्रॉटल पूर्ण असतानाच क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करायचं, थंड होऊ द्यायचं आणि प्लग काढून भिंगाखाली धरायचा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नळीवर, अगदी बुडाशी, फिकट विटकरी कडं दिसलं तर ठीक. इथेनॉलच्या पेट्रोलवर हा रंग फिकाच येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. पण नळीवर मिठाच्या कणांएवढे चंदेरी-काळे ठिपके दिसले तर गाडी तिथेच उभी करावी. ते पिस्टनच्या डोक्यावरून सुटलेलं ॲल्युमिनियम असतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पिस्टनला पडलेलं भोक. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या, हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत ही पायरी उन्हाळ्यात एका लांबच्या प्रवासात गाठली जाते.

कोन फिल्टरबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं. कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, काढून थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या तोंडाला, उघडा कोन फिल्टर लावणं ही आपल्या भागात गाडीची शुद्ध नासाडी आहे. काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठापेक्षा बारीक असते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत किंवा मुरमाच्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असताना ती मिनिटामिनिटाला आत ओढली जाते. तेल लावलेला कापडी फिल्टर वेळेवर धुऊन, योग्य तेवढंच तेल लावून वापरला तर काम करतो. तेल कमी पडलं की धूळ आरपार जाते, जास्त झालं की थ्रॉटल बॉडी चिकट होते. ज्यांनी असा फिल्टर लावला आहे त्यांनी तो उतरवावा आणि थ्रॉटल बॉडीच्या तोंडातून, आतल्या अंगाने, पांढऱ्या रुमालाने बोट फिरवावं. रुमालावर राखाडी पट्टा उमटला तर ती धूळ इंजिनाच्या आत पोचलेली आहे, ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि बोअर घासते आहे. निळा धूर, ऑइल खाणं, सकाळी स्टार्टिंगला त्रास, हे त्याचे पुढचे टप्पे. कंपनीचा एअरबॉक्स मुद्दाम त्या मापाचा केलेला असतो, त्याच्या आतल्या हवेच्या साठ्यावर मधला टॉर्क अवलंबून असतो. तो ठेवावा, कागदी फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच बदलावा. इंजिनासाठी याहून चांगला बदल नाही.

पिकअप वाढवायचाच असेल तर एक स्वस्त, प्रामाणिक उपाय आहे: पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करणं. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील तर गुणोत्तर ३.००. पुढे १४ केले की ३.२१, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा ओढा सात टक्क्यांनी वाढला. कन्नडच्या घाटात दोघं बसून जाताना हे जाणवतं. किंमतही मोजावी लागते. ज्या वेगाला इंजिन ५,००० आरपीएमवर फिरायचं, तिथे आता ५,३५० च्या आसपास फिरेल; हायवेवर थरथर वाढेल, ॲव्हरेज उतरेल. वेगाचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर मीटर बिघडणार नाही, गिअरबॉक्सपाशी असेल तर जास्त वेग दाखवू लागेल. चेन जुनी आणि स्प्रॉकेट नवं असं करू नये, दात दोन-तीन महिन्यांत हुकासारखे वाकतात.

इतका वेळ गाडी पळवण्याबद्दल झालं. खरा विषय ती थांबवण्याचा आहे, आणि तिथे आपले लोक पैसा घालतच नाहीत. कोरड्या चांगल्या डांबरावर, बऱ्यापैकी ब्रेक आणि टायर असलेली गाडी ताशी ६० वरून साधारण २० मीटरमध्ये थांबते. १०० वरून ५६ मीटर लागतात, १२० वरून ८१. यात माणसाने ब्रेक दाबायला घेतलेला एक सेकंद मिळवला की हेच आकडे ३७, ८४ आणि ११४ मीटर होतात. आता सोलापूर-धुळे महामार्ग डोळ्यांसमोर आणा. हंगामात तुळजापूरपासून गेवराईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. मोटारसायकलच्या डिपरचा उजेड चाळीस-पन्नास मीटर पडतो. म्हणजे डिपरवर ताशी ६० च्या वर गेलं की उजेडात दिसलेल्या ट्रॉलीच्या अलीकडे गाडी थांबण्याची खात्री उरत नाही. ८० ला थांबायला ५८ मीटर लागतात. इंजिन कितीही घासा, रात्रीचा वेग हेडलाइट ठरवतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात उपयुक्त मॉडिफिकेशन दिव्यांचं आणि टायरचं आहे, आणि नेमकं तेच लोक सगळ्यात वाईट करतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की प्रकाश फुटतो. समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप आणि आपल्या रस्त्यावर काळोख. जादा फॉग लाइट लावायचे तर रिले हवा, बॅटरीजवळ फ्यूज हवा. ५५ वॅटचा एक हॅलोजन बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या पुढे ओढतो. असे दोन दिवे मूळ हेडलाइटच्या वायरला पिना टोचून जोडले की आधी स्विच वितळतो, मग वायरिंग. बीएस-६ गाडीच्या वायरिंगमध्ये सेन्सरच्या वायरी शेजारून जातात. एक चुकीची कापली की चेक इंजिनचा दिवा लागून बसतो, आणि तो विझवायला कधीकधी अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावं लागतं. कपलर लावून जोडणी करावी, मूळ वायर सोलू नये.

टायरची हौस तर नुसती रुंदीची. रिमच्या रुंदीप्रमाणे टायर ठरतो. साडेतीन इंची रिमवर १३० किंवा १४० चा टायर नीट बसतो, १५० ला चार इंची लागते. तीन इंची रिमवर १५० चढवला की टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला लागणारं रबर उलट कमी होतं. गाडी वळणात जड पडते आणि एका ठरावीक कलाला एकदम कोसळल्यासारखी वाटते. चेन स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा टायरला घासायला लागते ते वेगळंच. त्याच पैशांत कंपनीच्याच मापाचा, मऊ रबराचा चांगला टायर घेतला तर ब्रेक लागण्याचं अंतर खरोखर कमी होतं. घेताना टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचावा: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. पाच वर्षांचा टायर नक्षी शाबूत असूनही पहिल्या पावसात घसरतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. पेट्रोल पंपावर दुपारी तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडू नये.

ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, हे गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. डॉट-४ ऑइल हवेतली वाफ शोषतं. नवं असताना त्याचा उकळबिंदू निदान २३० अंश असतो, ओल शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. औट्रम घाट, म्हणजे कन्नडचाच घाट, उतरताना, मागे सामान बांधलेलं असताना, ऑइल उकळलं तर लिव्हर हँडलला टेकतं आणि गाडी थांबत नाही. चाळीस हजारांची पाइप लावलेल्या गाडीत काळंकुट्ट झालेलं ब्रेक ऑइल ही आपल्याकडची नेहमीची जोडी आहे.

शॉकअपही असाच दुर्लक्षित. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय बांधावा. दोघांनी गाडी उचलून चाक मोकळं करावं आणि टाय सीलला टेकवावा. मग नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसकट गाडीवर अलगद बसून अलगद उतरावं. टाय जितका सरकला तितका सॅग, म्हणजे वजनाने होणारा दाब. एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश हवा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या फोर्कला तीस ते चाळीस मिलिमीटर. याहून जास्त असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा आपल्या वजनाला मऊ आहे. याला खर्च पाच रुपयांचा, आणि गाडीचा स्वभाव याने जितका कळतो तितका कुठल्याही स्टिकरने कळत नाही.

आता सांगाडा. बुलेटचं बॉबर, म्हणजे मागून छाटलेली ठेंगणी गाडी, करायचं म्हणून मागचा सबफ्रेम (सीट पेलणारा सांगाडा) कापतात, सीटखालचा लूप उतरवतात, शॉकअपचे वरचे कान पुढे-मागे करून वेल्डिंग करतात. चेसिसची नळी पातळ असते. वेल्डिंगच्या टाक्याला लागून अर्ध्या इंचाचा पट्टा तापून त्याचे गुण बदलतात आणि फ्रेम तुटते ती टाक्यात नाही, टाक्याच्या शेजारी. आधी रंगाला केसासारखी रेघ दिसते, तिच्यातून तांबूस गंज झिरपतो. पावडर कोटिंग जाड असेल तर ती रेघही दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर, गावोगावच्या गतिरोधकांवर, ती रेघ रोज पुढे सरकते. नळीच्या आत बाही बसवून, टिग वेल्डिंग करून, जिगवर (मापाच्या साच्यावर) फ्रेम सरळ आहे हे तपासून हे काम नीट करता येतं. असं करणारे कारागीर देशात आहेत. वाळूजमध्ये तशी कौशल्यं नक्कीच आहेत. पण आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा गेट आणि खिडक्या बनवणाऱ्या दुकानात होतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरच्या नोंदी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आलं: बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. यातला ‘मालक’ हा शब्द घरोघरी वाचून दाखवायला हवा. आपल्याकडे पोराची गाडी बापाच्या नावावर असते, त्यामुळे पोराने कापलेल्या फ्रेमबद्दल कोर्टात उभा राहणार तो बाप. विम्याचंही तेच. बदल कळवलेला नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि नवी गाडी घेताना सोबत येणारा पाच वर्षांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असतो, स्वतःच्या नुकसानीचा बहुधा पहिल्या वर्षाचाच, हेही अनेकांना माहीत नसतं.

कायद्याचा हेतू बरोबर आहे. त्याची खोट अशी की चांगल्या बदलासाठी साधी, सर्वांना कळेल अशी वाट त्याने आखून दिलेली नाही. जर्मनीत बाजारात मिळणाऱ्या सायलेन्सरला, हँडलला, लिव्हरला मान्यतेचा कागद मिळतो. तो कागद गाडीबरोबर ठेवला की झालं, आणि मोठा बदल असेल तर टीयूव्हीसारख्या संस्थेचा अभियंता गाडी तपासून नोंदणीच्या कागदावर चढवतो. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत ९२ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे, मान्य झालेल्या पाइपवर तसा शिक्का कोरलेला असतो. आपल्याकडे पुण्याला एआरएआय आहे, कंपन्यांच्या गाड्या तिथे तपासल्या जातातच. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला बनताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. त्याच कसोटीवर सुट्या सायलेन्सरची चाचणी घ्या, उतरेल त्यावर क्रमांक कोरा, क्रमांक नसलेला विकणाऱ्या दुकानदाराला पकडा. आज दंड वापरणाऱ्याला होतो आणि दुकानात तीच पुंगळी उद्या पुन्हा टांगलेली असते.

यावर आक्षेप येईल की असं दार उघडलं की आरटीओत चिरीमिरीने काहीही पास होईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मान्यता सुट्या भागाला द्यावी, प्रत्येक गाडीला नको. शिक्का मारलेला भाग बसवला आहे की नाही हे चौकातला हवालदारही मोबाइलवर क्रमांक टाकून बघू शकेल. फ्रेम कापणं, इंजिनाची सीसी वाढवणं, एबीएस काढणं या गोष्टी मात्र रस्त्यासाठी बंदच राहाव्यात आणि तपासणीचा रोख आवाजाइतकाच त्यांच्याकडे वळावा. कापलेला सबफ्रेम ओळखायला डेसिबल मीटर लागत नाही. सीट उचलून टॉर्च मारली की वेल्डिंग दिसतं.

राहिली धावपट्टी. मोटारसायकल कायदेशीरपणे, कायमच्या मोठ्या सर्किटवर, पूर्ण ताकदीने पळवायची तर आज संभाजीनगरच्या पोराला चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठावं लागतं, किंवा दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा. चेन्नई हजार किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून तो बीड बायपास गाठतो. पूर्ण सर्किट बांधायला खूप पैसा लागेल, पण ड्रॅगची सरळ पट्टी त्या मानाने स्वस्तात होते. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. चाळीस अश्वशक्तीची गाडी तिच्या टोकाला १४० च्या आसपास असते, हजार सीसीची २३० च्या. सावकाश ब्रेक धरला तर २३० वरून थांबायला सव्वाचारशे मीटर लागतात. त्यात चुकीला जागा धरून सव्वा किलोमीटर लांब, सपाट, कुंपण घातलेली डांबरी पट्टी, शेवटी वाळूचा थर, एक रुग्णवाहिका आणि वेळ मोजणारे सेन्सर. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात उद्योगांसाठी एवढी जमीन संपादित झालेली आहे. त्यातली एक अरुंद पट्टी महिन्यातून दोन रविवारी यासाठी ठेवणं अशक्य नाही. बाकीचे दिवस तिथे शासकीय अभियांत्रिकीच्या मुलांनी आपल्या स्पर्धेच्या गाड्या चालवाव्यात, कंपन्यांनी ब्रेक तपासावेत, आरटीओने लायसन्सची खरी परीक्षा घ्यावी.

पट्टीवर उतरण्याआधीची तपासणी कडक हवी: ड्रेन प्लगला सेफ्टी वायर, चेनवर गार्ड, पडल्यावर इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, अंगात चामड्याचा सूट, हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं आणि तारखेतलं. वाढवलेली सीसी, मोकळा पाइप, लांब केलेला स्विंगआर्म तिथे चालेल, फक्त स्विंगआर्मचं वेल्डिंग तपासणाऱ्याच्या हाताखालून गेलेलं हवं. गाडी तिथे येईल ती टेम्पोत चार पट्ट्यांनी बांधून. तिची रस्त्यावरची नोंदणी आधीच रद्द केलेली असावी, म्हणजे फाटकातून बाहेर पडून तिला जालना रोडला लागण्याचा प्रश्नच येणार नाही.